एकाच नोटचा सोलो

मागच्या शनिवारी हॉस्टेलमधला जुना रूममेट घरी आला होता. हा आमच्या बॅचचा अधिकृत गिटारिस्ट. इंजिनिअरिंगची चारही वर्षं ह्याने सबमिशनपेक्षा मेट्रोनोमला जास्त वेळ दिला. कुठलाही सोलो तो आकड्यांत सांगायचा, मिनिटाला किती बीट्स आणि एका बीटमध्ये किती नोट्स. आम्ही सगळेच आकड्यांतली माणसं, त्यामुळे ते पटायचंही. ह्याच्यासमोर आपली बोटं म्हणजे थंडीत आखडलेली भेंडी आहेत असं वाटून मी सेकंड इयरला गिटार जी कपाटावर ठेवली ती आजतागायत तिथेच आहे.

तर जेवणं झाल्यावर मी नील यंग लावला. 'सिनॅमन गर्ल', १९६९ चं गाणं, जेमतेम तीन मिनिटांचं. सोलो सुरू झाला आणि हा पठ्ठ्या हसायलाच लागला. "अरे, हा एकच नोट वाजवतोय! हे तर मी पहिल्या आठवड्यात वाजवत होतो. गाणी भारी लिहितो रे, मान्य. पण गिटारिस्ट? छे!"

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. मला मुद्दे नेहमी समोरचा माणूस लिफ्टमध्ये शिरल्यावर सुचतात, आणि अशा लोकांसाठीच तर ब्लॉग असतात :-)

आधी एक गंमत. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये सर्वकालीन शंभर गिटारिस्टांची यादी छापली, त्यात नील यंग ८३ वा होता. २०११ मध्ये त्याच मासिकाने पुन्हा यादी केली आणि हा गडी एकदम १७ वर! आठ वर्षांत त्याने वेगाने वाजवायला शिकून घेतलं असं काही झालेलं नव्हतं, तेव्हा तो पासष्टीचा होता. बदलले ते परीक्षक. पहिली यादी एका समीक्षकाची होती आणि दुसरीसाठी स्वतः गिटार वाजवणार्‍या लोकांनी मतं दिली. म्हणजे ज्यांच्या बोटांना घट्टे पडलेत त्यांनी त्याला वर नेलं. हे मला शनिवारी आठवलं असतं तर किती बरं झालं असतं! पण यादीने वाद जिंकणं म्हणजे कोड का चालतो ते न सांगता 'माझ्या मशीनवर चालतो' म्हणण्यासारखं आहे. तेव्हा खोलात जाऊ.

नील यंग मूळचा कॅनडाचा, जन्म १९४५, टोरांटो. वडील स्कॉट यंग तिथले नावाजलेले पत्रकार आणि लेखक. १९५१ मध्ये ऑन्टारिओतल्या ओमेमी नावाच्या लहान गावात ह्या पोराला पोलिओ झाला. जीव वाचला, पण शरीराची डावी बाजू कायमची थोडी अशक्त राहिली. आता उजव्या हाताने छेडणार्‍याच्या गिटारवर डावा हात काय करतो? पट्टीवरच्या तारा दाबतो. पळापळ करायची असते ती ह्याच हाताने. मला पोलिओवरून 'म्हणून तो असा वाजवतो' असं सरळ समीकरण मांडायचं नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण कॅनडातल्याच जोनी मिचेललाही लहानपणी पोलिओ झाला होता आणि डाव्या हाताच्या अशक्तपणामुळेच तिने गिटारचं ट्यूनिंग बदलून, सोप्या बोटांत अवघड कॉर्ड्स निघतील अशी पद्धत बसवली. यंगनेही ट्यूनिंगशी खेळ केले, त्यावर पुढे येतोच.

आईवडील वेगळे झाल्यावर आईबरोबर तो विनिपेगला गेला आणि तिथे त्याने 'द स्क्वायर्स' नावाचा बँड काढला. हा बँड सुरुवातीला वाद्यसंगीत वाजवायचा, गाणारं कोणी नाही! १९६३ साली त्यांची पहिली सिंगल निघाली, दोन्ही बाजूंना नुसती वाद्यं. त्या काळात यंगचा हिरो होता हँक मार्व्हिन, म्हणजे इंग्लंडच्या 'द शॅडोज' ह्या बँडचा गिटारिस्ट, 'अपाची' वाला. मार्व्हिनची खासियत अशी की गिटारवर तो चाल गातो. एक नोट घ्यायची, स्वच्छ घ्यायची, आणि गिटारवरचा लोखंडी दांडा हलवून ती नोट थरथरवायची. विनिपेगमध्येच रँडी बॅकमन नावाचा थोडा मोठा मुलगा हे फार छान करायचा, त्याला बघायला यंग जात असे. (बॅकमन पुढे 'द गेस हू' मधून प्रसिद्ध झाला.)

हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याला जग पुढे शब्दांसाठी ओळखणार होतं तो माणूस शब्दांशिवाय गाणं कसं पेलायचं ते आधी शिकला. आपण उलट धरून चालतो, की गाणं लिहिणार्‍याने आधाराला गिटार घेतली असणार.

पुढचा भाग पटकन सांगतो. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस, 'बफेलो स्प्रिंगफील्ड' हा बँड, त्यात स्टीफन स्टिल्सबरोबर गिटारची जुगलबंदी आणि भांडणं. १९६८ मध्ये बँड खलास. मग एक सोलो अल्बम. आणि मग त्याला 'द रॉकेट्स' नावाच्या बँडमधले तिघं भेटले: गिटारवर डॅनी व्हिटन, बेसवर बिली टॅलबट, ड्रमवर राल्फ मोलिना. ह्या तिघांचं नवीन नाव पडलं 'क्रेझी हॉर्स'. त्यांना घेऊन मे १९६९ मध्ये 'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर' हा अल्बम आला. त्यातली 'सिनॅमन गर्ल', 'डाउन बाय द रिव्हर' आणि 'काउगर्ल इन द सँड' ही तिन्ही गाणी त्याने एकाच दिवशी, अंगात १०३ ताप असताना लिहिली असं तो स्वतः सांगतो. मला १०३ तापात मेडिकलवाल्याला गोळीचं नाव धड सांगता येत नाही.

आता तो एका नोटचा सोलो.

गिटारच्या सहा तारांपैकी सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक, ह्या दोन्ही तारा नेहमी 'ई' ह्या सुराला लावलेल्या असतात. यंगने 'सिनॅमन गर्ल'साठी त्या दोन्ही एक एक सूर खाली, 'डी' ला उतरवल्या. चौथी तार मुळातच डी असते. म्हणजे तीन तारा वेगवेगळ्या सप्तकांत एकच सूर देताहेत. आपल्याला तानपुर्‍याची सवय आहे, त्यामुळे ह्याने काय होतं ते समजावून सांगायला नको. वर काहीही वाजवा, खाली डी गुंजत राहतो. ती जड, गुरगुरणारी रिफ ह्यातूनच येते.

आणि मग सोलोमध्ये तो तोच डी वाजवतो. परत. परत. आणि परत. आता इंजिनिअर म्हणून बघा. उतरवलेली पहिली तार मोकळी छेडली तर डी. दुसर्‍या तारेवर तिसर्‍या फ्रेटला बोट ठेवलं तरी तोच डी, तीच वारंवारता, साधारण २९४ हर्ट्झ. पण एक तार बारीक आणि मोकळी, दुसरी जाड आणि बोटाखाली दाबलेली. दोन्ही एकत्र छेडल्या आणि त्यांत एका हर्ट्झचा जरी फरक पडला, तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो (बारावीच्या फिजिक्समधले बीट्स, आठवले का?). बोटाचा दाब किंचित बदला, फरक बदलतो. त्यात अ‍ॅम्प फाटेस्तोवर वाढवलेला. म्हणजे कागदावर लिहिलं तर एकच नोट, पण ऐकलं तर दोन सारख्या सापडणार नाहीत. यंगने स्वतः मुलाखतीत साधारण हेच म्हटलंय, की लोकांना ती एक नोट वाटते पण त्याच्या डोक्यात प्रत्येक वेगळी आहे.

रूममेटचं म्हणणं की हे कोणालाही वाजवता येईल. येईलही. पण हे ठरवता येईल का? तुम्ही २३ वर्षांचे आहात, साल १९६९ आहे, तुमच्याच गावात हेंड्रिक्स येऊन जातोय, क्लॅप्टनला लोक देव म्हणताहेत, आणि तुमच्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात सोलोची जागा आलीय. तिथे एकच नोट वाजवायला जिगर लागते. आणि ती का वाजवायची ते त्याला ठाऊक होतं, कारण गाणं त्याचंच होतं. ह्या गाण्यात एक चाल आधीच आहे, रिफ आहे, दोन आवाजांतलं गाणं आहे. तिथे आणखी एक चाल घुसवली तर गर्दी होते. गाण्याला हवा होता तो जोर, आणि जोरासाठी एक नोट पुरते.

'डाउन बाय द रिव्हर' मध्ये हे उलट दिशेने दिसतं. इथे नऊ मिनिटं आहेत आणि शब्द मोजके. निवेदक सांगतो की त्याने आपल्या प्रेयसीला नदीकाठी गोळी घातली. का, ते सांगत नाही. पश्चात्ताप झाला का, तेही नाही. शब्द थांबतात आणि गिटार सुरू होते. तिथेही सुरुवात एकाच नोटने, टोचल्यासारखी, तुटक तुटक, एखाद्याला बोलायचंय आणि पहिलाच शब्द अडकतोय तशी. मग हळूहळू दुसरी नोट, तिसरी, मग किंचाळी. जे कडव्यात लिहिलं नाही ते सगळं इथे आहे. मी म्हणेन की हा सोलो गाण्याचं गाळलेलं कडवं आहे. १९७५ च्या 'कॉर्टेझ द किलर' मध्ये तर शब्द यायच्या आधी तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती गिटार आहे, तीन कॉर्ड्सवर. कथा सांगायच्या आधी तो तुम्हाला त्या समुद्रावर नेऊन उभं करतो.

किंवा 'ओहायो'. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने निदर्शनं करणार्‍या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले. यंगने मासिकातले फोटो बघून गाणं लिहिलं, २१ मे ला क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅशबरोबर ते रेकॉर्ड झालं आणि जूनमध्ये बाजारात. पुन्हा तेच उतरवलेल्या तारांचं ट्यूनिंग. सुरुवातीची रिफ ऐका. एकाही शब्दाच्या आधी तुम्हाला कळतं की काहीतरी वाईट घडलंय आणि कोणीतरी चालून येतंय.

आता थोडं यंत्रांकडे वळतो, कारण खरं सांगायचं तर मी ह्या माणसाच्या प्रेमात पडलो ते इथे. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. पण सोडू नका!)

त्याची गिटार म्हणजे 'ओल्ड ब्लॅक'. १९५३ ची गिब्सन लेस पॉल, मूळची सोनेरी, वरून काळा रंग फासलेली. बफेलो स्प्रिंगफील्डमधल्या जिम मेसिनाकडून त्याने ती आपली ग्रेच गिटार देऊन अदलाबदलीत घेतली. तिला बिग्सबी नावाचा दांडा आहे, तोच तो नोट थरथरवणारा, आणि यंगचा हात सतत त्या दांड्यावर असतो. हँक मार्व्हिन आठवला ना? शिवाय तिच्या मागच्या बाजूला फायरबर्ड गिटारचा एक छोटा पिकअप बसवलेला आहे. तो इतका संवेदनशील की तारांबरोबर गिटारच्या लाकडावरची टकटकही पकडतो. कुठल्याही शहाण्या दुकानदाराने 'साहेब, हा बदलून घ्या' म्हटलं असतं. यंगने तो ठेवला, कारण अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की अशी गिटार स्वतःच घुमायला लागते, आणि त्याला तेच हवंय.

आणि अ‍ॅम्प! फेंडर डीलक्स, १९५९ चा, फक्त पंधराएक वॅटचा. त्याच्या आत डायोडऐवजी व्हॅक्यूम ट्यूबचा रेक्टिफायर आहे. जोरात नोट वाजवली की अ‍ॅम्प अचानक जास्त करंट मागतो, ट्यूबला तो पुरवता येत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि सावकाश परत वर येतं. गावाकडे शेजारच्याने पंप चालू केला की आपला बल्ब मिणमिणतो, अगदी तसं. त्यामुळे नोट आधी दबते आणि मग फुगत जाते, जणू श्वास घेतेय. भराभर नोट्स वाजवणार्‍याला असा अ‍ॅम्प म्हणजे चिखलात धावणं. एक नोट धरून तिचं काय होतं ते बघणार्‍याला तो सोन्याची खाण. बरं, ह्या अ‍ॅम्पचे नॉब एकमेकांत गुंतलेले, वापरात नसलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाज बदलतो. स्टेजवर गाता गाता हे कसं करणार? दुसरा कोणी सर्किट बदलून पायाचा स्विच बसवला असता. पण सर्किटला हात लावला की आवाज गेला! म्हणून यंगने 'व्हिझर' नावाचं यंत्र बनवून घेतलं. पायाने बटण दाबायचं आणि अ‍ॅम्पच्या डोक्यावर बसवलेली मोटर ते नॉब खरोखर, माणसाच्या हातासारखे, ठरलेल्या जागी फिरवते. चालू सिस्टीमला हात न लावता बाहेरून रॅपर लिहिणं ज्यांच्या नशिबी आहे ते सगळे हे वाचून हळवे झाले असतील.

एवढी सगळी खटपट कशासाठी, तर एका नोटमध्ये काय काय मावतं ते बघायला. ज्याचा ह्यावर विश्वास नाही तो इतका खर्च करत नाही.

मला त्याचं सगळंच आवडतं असं मात्र नाही. १९९१ मध्ये त्याने 'आर्क' नावाची पस्तीस मिनिटांची सलग फीडबॅकची चीज काढली, मैफिलींतल्या गाण्यांचे शेवट एकाला एक जोडून. ती मी दोनदा लावली आणि दोनदा भाजी फोडणीला टाकायची आठवण झाली. त्याच दौर्‍याचा 'वेल्ड' हा अल्बम मिक्स करताना त्याचे कान इतके दुखावले की पुढच्या वर्षीचा 'हार्वेस्ट मून' त्याला शांत, अकूस्टिक करावा लागला. त्याच्या बाबतीत शरीर असं मध्ये मध्ये येतं. १९७२ चा 'हार्वेस्ट', त्याचा सगळ्यात खपलेला अल्बम, बराचसा अकूस्टिक आहे, ह्याचंही एक कारण म्हणजे तेव्हा पाठीचं दुखणं आणि ऑपरेशन. जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्याला उभंच राहता येत नव्हतं.

पण ह्या सगळ्यात एक माणूस राहिला, आणि त्याच्याशिवाय रूममेटला दिलेलं उत्तर खोटं ठरेल.

डॅनी व्हिटन. 'डाउन बाय द रिव्हर' हेडफोन लावून ऐका. दोन गिटार दोन वेगळ्या कानांत आहेत. एका कानात यंग टोचतोय, ओरडतोय. दुसर्‍या कानात व्हिटन. तो तेच दोन कॉर्ड्स घेऊन बसलाय, पण एकदाही सारखे वाजवत नाही. यंग थांबला की हा पुढे सरकतो, यंग चढला की हा जागा सोडतो. एका नोटवर उभं राहायला खाली जमीन लागते, आणि ती जमीन हा माणूस घालत होता. क्रेझी हॉर्सला 'ह्यांना वाजवता येत नाही' म्हणणारे तेव्हाही भरपूर होते, यंगच्या इतर श्रीमंत मित्रांपैकी काही त्यात होते. पण त्या मित्रांबरोबर त्याची गिटार कधी इतकी मोकळी झाली नाही.

व्हिटन हेरॉइनमध्ये अडकला. 'हार्वेस्ट' मधलं सुईबद्दलचं गाणं त्याच्याच काळजीतून आलेलं आहे. १९७२ च्या शेवटी यंगने त्याला मोठ्या दौर्‍याच्या तालमीसाठी आपल्या रँचवर बोलावलं. व्हिटनला वाजवता येईना. जो माणूस न सांगता जागा ओळखायचा त्याला गाणी लक्षात राहीनात. शेवटी यंगने त्याला पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट देऊन लॉस एंजेलिसला परत पाठवलं. त्याच रात्री, १८ नोव्हेंबर १९७२ ला, व्हिटन ओव्हरडोसने गेला. वय २९.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप मिटून बसलो होतो. माझंही वय साधारण तेवढंच आहे. टीममधून माणसं काढली जाताना मी बघितलंय, एकदा यादी बनवायला मदतही केलीय. तेव्हा सगळे 'दुसरा इलाजच नव्हता' म्हणतात, आणि बर्‍याचदा नसतोही. यंगकडेही बहुधा नव्हता.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच गोतावळ्यातला ब्रूस बेरी हा रोडीही ड्रग्जनेच गेला. १९७३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यंगने टॅलबट आणि मोलिनाला घेऊन 'टुनाइट्स द नाइट' चा बराचसा भाग रेकॉर्ड केला. आवाज फाटलेला, सूर सुटलेले, मध्येच माइकपासून लांब गेलेला. कंपनीने तो बाजारात आणला १९७५ मध्ये. माझ्या रूममेटने ऐकला तर तो चुकांची यादी करेल आणि त्याची यादी बरोबर असेल. पण त्या टेक पुन्हा घेऊन नीट केल्या असत्या तर काय उरलं असतं? त्या अल्बममध्ये एक गाणं १९७० च्या मैफिलीतलं घातलंय, आणि त्यात गातोय डॅनी व्हिटन. अल्बमभर सगळे त्याच्यासाठी रडताहेत आणि मध्येच तो येऊन मजेत गाऊन जातो.

ती मैफल न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधली, मार्च १९७०. तिचं रेकॉर्डिंग ३६ वर्षं पडून होतं, २००६ मध्ये बाहेर आलं. मी रूममेटला त्यातल्या 'डाउन बाय द रिव्हर' ची लिंक पाठवलीय, बारा मिनिटांहून मोठं आहे. सोबत एवढंच लिहिलं, "पहिल्यांदा यंगकडे लक्ष देऊ नकोस, फक्त दुसरी गिटार ऐक. मग परत लाव आणि यंग ऐक." दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.

कपाटावरची गिटार काल खाली काढली. धूळ पुसून पहिली तार डी ला उतरवली, जुनी तार असल्याने भीत भीत. सहावी उतरवायच्या आधीच शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. पुढचा प्रयत्न येत्या शनिवारी, दुपारी.